बाजाराची वेळ आणि चौकशीची तारीख

तुकईथड कागदोपत्री मध्य प्रदेशात. जिल्हा बुऱ्हाणपूर, तहसील खकनार. घरात आम्ही मराठी बोलतो, शाळेत हिंदी शिकवतो, आणि आसपासच्या ढान्यांवर, म्हणजे आदिवासी पाड्यांवर, कोरकू ऐकतो. लेकी महाराष्ट्रात धारणीकडे दिलेल्या, सुना अकोट-अचलपुराकडून आलेल्या. ताप हटेना झाला की जुन्या माणसाला आधी धारणीचा दवाखाना आठवतो, बुऱ्हाणपूर नंतर. राज्याची हद्द आम्हाला दिसायची ती पेट्रोलच्या भावात आणि फोन कुठल्या टॉवरला चिकटतो त्यात. २५ मार्च २०२० पासून मात्र कोरोनाच्या टाळेबंदीत धारणीच्या रस्त्यावर बांबू आडवा पडला, आणि हद्द कुठे आहे ते शेळ्या राखणाऱ्या पोरांनाही कळलं.

मी प्राथमिक शिक्षक. जनगणना असो, मतदारयादी असो, पोलिओचा डोस असो, सरकारला माणूस कमी पडला की मास्तर आठवतो. त्यामुळे नाक्यावरच्या ड्यूटीचं नवल वाटलं नाही. आदेश व्हॉट्सॲपवर आला, सोबत एक वही: नाव, कुठून आला, कुठे चालला, कशासाठी, ताप आहे का. ताप मोजायचं यंत्र बऱ्याच उशिरा आलं, आणि आलं ते उन्हाळ्यात. उन्हातून चालत आलेल्या माणसाच्या कपाळासमोर ते धरलं की आकडा बघून आम्हीच दोन पावलं मागे सरायचो. शेवटी आशाताईंनी सांगितलं, आधी सावलीत बसवा, पाणी द्या, मग मोजा. मग नाक्याजवळच्या मोहाखाली बसायची जागा झाली, आणि बसलेली माणसं बोलू लागली. एरवी मास्तरशी कोण इतकं बोलतं?

मे उजाडला तसे मजूर परतू लागले. आमच्याकडचे कोरकू आणि बारेला आदिवासी हंगामाला अकोला, अमरावती, जळगावकडे जातात. हरभरा सोंगायचा, संत्र्याच्या बागा राखायच्या. तरणी पोरं पुण्या-सुरतेपर्यंत पोचलेली. गावाला रेल्वे स्टेशन आहे, पण खंडवा-अकोट मीटरगेज गेजबदलासाठी आधीच बंद पडलेली, म्हणून श्रमिक गाड्यांच्या बातम्या आम्ही नुसत्या ऐकल्या. काही जण त्या बंद रेल्वेवाटेनेच मेळघाटातून चालत आले. ८ मेला औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. ते शहडोल-उमरियाकडचे, म्हणजे आमच्याच राज्यातले, आणि बहुतेक आदिवासी. जालन्याहून भुसावळला चालत निघाले होते. त्या बातमीनंतर रेल्वेवाटेने आलेल्या कुणाला मी रागावलो नाही. आमच्या वाटेवर निदान गाडी तरी नव्हती.

विलगीकरणाचा नियम वाचायला अगदी निर्दोष होता. ज्याच्या घरी हवेशीर स्वतंत्र खोली आहे, शक्यतो वेगळं शौचालयही आहे, त्याने घरी राहावं. बाकीच्यांनी १४ दिवस शाळेत. नियमात जात नव्हती, जमात नव्हती. पण खोल्या मोजायला बसलं की जमात आपोआप मोजली जात होती. पास काढून गाडीने आलेला व्यापाऱ्याचा मुलगा घरी गेला, दारावर कागद चिकटला, संध्याकाळी तो गच्चीवर फिरताना दिसायचा. त्याच दिवशी अकोल्याकडून पायी आलेली कोरकू कुटुंबं, लेकरांसकट, शाळेच्या वर्गांत. फॉर्म मीच भरत होतो. फॉर्ममध्ये चूक कुठेच नव्हती. आणि दोन्हीकडचे १४ दिवस संपल्यावरही फरक उरलाच. एका किराणा दुकानात ढान्यावरच्या माणसाने नोट पाण्याच्या बादलीत टाकायची, गावातल्या माणसाची नोट मात्र दुकानदार हातात घ्यायचा. रोग कुणी आणला हे त्या बादलीने ठरवून टाकलं होतं.

शाळेतल्या त्या मुक्कामात एक पोरगा होता, पुण्यात बांधकामावर असलेला, मोठा फोन बाळगणारा. मेच्या शेवटी त्याने मला ओसरीवर बोलावून व्हिडिओ दाखवला. २५ मेला अमेरिकेत मिनियापोलिस शहरात जॉर्ज फ्लॉइड नावाच्या ४६ वर्षांच्या काळ्या माणसाला पोलिसांनी पकडलं. संशय एवढाच की दुकानात त्याने वीस डॉलरची खोटी नोट चालवली. एका पोलिसाने मानेवर गुडघा ठेवला तो उचललाच नाही. तेव्हा आठ मिनिटं सेहेचाळीस सेकंद म्हणत होते, पुढे खटल्यात ते नऊ मिनिटांच्या वर निघालं. पोरांचा घोळका फोनभोवती जमला. मला धास्ती होती की लेकरं घाबरतील. ती गप्प बघत राहिली. गुडघा त्यांना नवा नव्हता. त्यांना खरं नवल वाटलं ते पुढच्या बातमीचं, की दुसऱ्याच दिवशी चारही पोलिसांना नोकरीवरून काढलं.

“दुसऱ्या दिवशी?” पोराने दोनदा विचारलं. “अन् चौकशी?”

“चौकशी चाललीय.”

“म्हणजे हे उलटं झालं, सर. आपल्याकडे आधी चौकशी, मग चौकशी, मग बदली.”

त्याच्या बोलण्यामागे घरची गोष्ट होती, आणि ती मला ठाऊक होती. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात त्याचा मोठा भाऊ मोहफुलाचं पोतं सायकलला बांधून गावाकडे येत होता. वाटेत एका गणवेशातल्या माणसाने त्याला अडवलं आणि काठीने हाणलं. पोतं रस्त्यावर सांडलं. मनगट सुजलेल्या अवस्थेत तो आमच्या नाक्यावर पोचला. वहीत त्याचं नाव मी लिहिलं, ‘कशासाठी’ या रकान्यात ‘मोहफूल’ लिहिलं. त्याच्या आठवडाभर आधी केंद्राच्या गृह मंत्रालयाने आदिवासींना वनोपज गोळा करायला टाळेबंदीतून सूट दिली होती. मोह काही टाळेबंदीच्या तारखा, १४ एप्रिल, ३ मे, बघून गळत नाही. तो पहाटे गळतो आणि दुपारपर्यंत उचलला नाही तर वाळतो, नाहीतर शेळ्या खातात. सूट दिल्याचा कागद दिल्लीहून निघाला, पण रस्त्यावरच्या काठीपर्यंत तो पोचला नसावा, किंवा काठीने वाचला नसावा.

आमच्या जिल्ह्यात असलं काही पहिल्यांदा घडत नव्हतं. आदल्याच वर्षी, ९ जुलै २०१९ ला नेपानगर भागातल्या सिवल गावात वनखात्याचं पथक जेसीबी घेऊन आदिवासी कसत असलेल्या जमिनीवर गेलं. लोक आडवे आले, छर्ऱ्याच्या बंदुका चालल्या आणि चार आदिवासी जखमी झाले. खात्याचं म्हणणं होतं की जमावाने आधी हल्ला केला. पण तेव्हापासून जून लागला की ढान्यांवर एकच प्रश्न फिरतो: यंदा पेरू देतील का? २००६ चा वनाधिकार कायदा सांगतो की १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जो आदिवासी ती जमीन कसतोय त्याला जास्तीत जास्त ४ हेक्टरचा हक्क मिळेल, आणि दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत त्याला तिथून हटवता येणार नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधी दावा फेटाळलेल्यांना हटवायला सांगितलं आणि पंधरवड्याभरात आपल्याच आदेशाला स्थगिती दिली. मग आमच्या राज्याने फेटाळलेले दावे पुन्हा तपासायला ‘वनमित्र’ नावाचं पोर्टल काढलं. पोर्टलला संगणक लागतो, संगणकाला जाळं लागतं. २०२० च्या उन्हाळ्यात संगणकाचं दुकान बंद, आणि ढान्यावर फोन लावायचा तर टेकडीवर चढावं लागे. वर चढून लावला तरी आधी कोरोनाच्या कॉलर ट्यूनमधला तो खोकला ऐकायचा आणि हात धुवायचा उपदेश.

सगळेच दावे खरे असतात असं मी म्हणणार नाही. बाहेरून येऊन एका उन्हाळ्यात जंगल कापून शेत करणारेही आमच्याकडे झाले, आणि पुढे २०२३ मध्ये तर जागृत आदिवासी दलित संघटनच्या लोकांनीच झाडतोड थांबवा म्हणून बुऱ्हाणपुरात धरणं धरलं. पण ज्याच्या आजाने लावलेला आंबा बांधावर उभा आहे आणि जो काल कुऱ्हाड घेऊन आला, त्या दोघांना एकाच काठीने हाकणं नाक्यावरच्या नाकेदाराला सोपं जातं, एवढं मी पाहिलंय. वनरक्षकाला आमच्याकडे नाकेदारच म्हणतात. त्याचीही दैना असते. एकटा माणूस, केवढं तरी जंगल, रात्री ट्रॅक्टरचा आवाज आला तरी जायचं कुणाच्या भरवशावर?

१ जूनपासून ‘अनलॉक’ लागलं. आठवडी बाजार कधी सुरू करायचा हे दिल्ली किंवा भोपाळ ठरवत नव्हतं. ते जिल्ह्याच्या आपदा समितीवर सोडलेलं. बुऱ्हाणपूर शहरात मेमध्ये रुग्ण भराभर वाढले होते, त्यामुळे समिती जपून होती. पण पेरणी तोंडावर आलेली. तेंदूपत्त्याच्या फडावर लोकांनी पानं मोजून दिलेली, पैसे खात्यात येणार होते, पण खात्यातून हातात यायला बँक लागते. बी-बियाणं घ्यायला रोकड हवी आणि ढान्यावर रोकड फक्त बाजाराच्या दिवशी दिसते. चारोळी, मोह, कोंबडी विकायची आणि त्याच पैशात मीठ, तेल, तूर, कापसाचं बी घेऊन जायचं. बाजार बंद म्हणजे बँक बंद, हे शहरातल्या माणसाला समजावून सांगावं लागतं.

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात तालुक्याहून साहेब सभा घ्यायला आले. नाव सांगत नाही, कारण ते तसे भले होते आणि पुढे जे झालं ते एकट्या त्यांच्यामुळे झालं नाही. पस्तिशीच्या आतले, रीवाकडचे, मार्चपासून घरी न गेलेले. बाजाराच्या मोकळ्या जागेत चुन्याचे गोल काढले होते. एकेका गोलात एकेक माणूस असा बेत होता. माणसं एका गोलात चार चार उभी राहिली, कारण सावली तेवढ्याच गोलांवर होती. पंचायतीचा भोंगा होता. साहेबांनी आदेश उघडला आणि क्रमांक, तारीख, कलमासकट वाचायला घेतला. बाजार सकाळी आठ ते दुपारी दोन. दुकानात सहा फुटांचं अंतर. तोंडाला मास्क, नाहीतर गमछा. थुंकल्यास दंड. रात्री नऊ ते पहाटे पाच बाहेर पडायचं नाही. लग्नाला ५०, मयताला २०. पासष्टच्या वरचे, दहाच्या खालची मुलं आणि गरोदर बायांनी घरीच थांबावं.

पुढच्या रांगेतली एक आजी उभी राहिली. ती चारोळी विकणारी. तिने विचारलं की पासष्टच्या वरचं कोण ते कसं ठरवायचं, कारण तिच्या आधारवर १ जानेवारी आहे, तिच्या मुलाच्याही १ जानेवारी आहे, आणि सुनेच्याही. सगळं रान हसलं. साहेबही हसले. म्हणाले, अम्मा, आप सुबह जल्दी आ जाना, भीड़ से पहले. आजीचं काम झालं. नियम त्यांना वाकवता येत होता आणि कुठे वाकवावा याची समजही होती. म्हणून तर पुढचा भाग मला जास्त लागला.

आजीच्या मागे शाळेच्या मुक्कामातला तो पोरगा उभा राहिला. १४ दिवस संपवून तो घरी गेला होता. हिंदीत बोलला, पुण्याची हिंदी: “साहब, बाजार आठ से दो. रास्ते में मारने का टाइम भी बता दो, उस टाइम हम नहीं निकलेंगे.”

हसू आलं नाही कुणाला. साहेबांनी विचारलं, कुणाला मारलं? भाऊ उठला, हात पुढे केला. मनगट वैदूने बांबूच्या कामट्या बांधून बसवलेलं, थोडं वाकडं बसलेलं. साहेब म्हणाले, जांच कराएँगे. पोरगा खाली बसायला तयार नाही. त्याने अमेरिका काढली. तिकडं दुसऱ्या दिवशी काढून टाकलं म्हणाला, आणि तो तर मारून टाकल्यावर, इथं तर फक्त विचारायचंय की तो कोण होता. साहेबांचा चेहरा बदलला. मोबाइल में अमेरिका देखकर यहाँ मत बोलो, असं काहीतरी म्हणाले.

मला ते खटकलं. १८७३ साली जोतिराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिलं ते अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण करून. त्यांनी तेव्हा तिकडचं वाचूनच इकडचं ओळखलं होतं. शिकलेल्या माणसाने अमेरिकेचं नाव काढलं तर आपण त्याला विचार म्हणतो. बांधकामावरच्या कोरकू पोराने काढलं की मोबाइल. त्याच आठवड्यात, ६ जूनला, मिनियापोलिसचे महापौर जेकब फ्रे मास्क लावून आंदोलकांसमोर उभे राहिले होते. फ्लॉइडच्या मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासून शहरात मास्कसक्तीचा त्यांचाच हुकूम लागू झालेला. गर्दीने सरळ विचारलं, पोलिसांचा पैसा बंद करणार का, हो की नाही? ते नाही म्हणाले. लोकांनी हुर्यो केली आणि त्यांना तिथून निघून जावं लागलं. पोराच्या फोनवर तोही तुकडा होता. मला त्यातलं उत्तर पटलं की नाही हा भाग वेगळा. पण विचारणाऱ्याला उत्तर मिळालं, त्याच जागी, तोंडावर.

आमच्या सभेत तिसरा प्रश्न एका बाईने विचारला. तिचा आवाज भोंग्याशिवाय शेवटपर्यंत गेला. बाजार उघडला तर बी घेऊन येऊ, पण पेरायचं की नाही? मागच्या वर्षीसारखे वनखात्याचे जेसीबी खड्डे खणायला येणार का? साहेब म्हणाले, वह वन विभाग का विषय है. हातातल्या आदेशाची घडी त्यांनी घातली. कायद्याचं ते कलम, पडताळणी होईस्तोवर हटवता येणार नाही म्हणणारं, दोन ओळींचं आहे. तेही भोंग्यावर वाचता आलं असतं. त्याने कुणाला जमिनीचा पट्टा मिळाला नसता, पण पेरणीच्या तोंडावर बाईला घरी न्यायला काहीतरी झालं असतं.

शेवटी साहेब पोराकडे वळले. लिखकर दो, म्हणाले, मैं खुद ले जाऊँगा. हे त्यांनी मनापासून म्हटलं, याबद्दल मला शंका नाही.

चहा घेताना ते माझ्याशी बोलले. त्याचा मथितार्थ असा, की बाजाराची साखळी आहे: दिल्ली, भोपाळ, जिल्हा, मग मी. वरून कागद सुटला की खाली बाजार भरतो. मारहाणीची साखळी नाही. मारणारा एका खात्याचा, तक्रार घेणारा दुसऱ्या, जखम तपासणारा तिसऱ्या, आणि सरकारी माणसावर खटला भरायचा तर मंजुरी चौथ्याची. मी त्यातला कुणीच नाही. ऐकताना मला पटत होतं. पण ही साखळी नाही तर कोणासाठी नाही, हेही दिसत होतं. व्यापाऱ्याच्या मुलाला त्या रस्त्यावर कुणी काठी लावली असती तर साखळी संध्याकाळपर्यंत तयार झाली असती.

अर्ज लिहायला आम्ही अंगणवाडीच्या ओसरीवर बसलो. सेविकाताई मला म्हणाल्या, सर, तुमच्या अक्षरात नको, तुमची नोकरी आहे. त्यांचं खरं होतं. मग पोराच्या बहिणीने लिहिला. ती नववी झालेली, अक्षर टपोरं. तारीख, वेळ, जागा, पोत्याचं अंदाजे वजन, गृह मंत्रालयाने दिलेली सूट. नाक्यावरच्या वहीत नोंद आहे, तेही लिहिलं. अडलं ते एकाच ठिकाणी. दवाखान्याचा कागद? तो नव्हता. एप्रिलमध्ये धारणीला जाता येत नव्हतं, दुसरीकडे जायला गाडी नव्हती, म्हणून तर वैदू. टाळेबंदीत मार बसला आणि टाळेबंदीनेच पुरावा खाल्ला. संपर्कासाठी पोराने आपला नंबर टाकला. साहेबांनी अर्ज खरोखर नेला आणि चार दिवसांत आवक क्रमांक फोनवर पाठवला. एवढं कोण करतं?

पुढच्या वाराला बाजार भरला. चुन्याचे गोल आदल्या रात्रीच्या पावसाने धुतलेले. कांदा, लाल मिरची, रबरी चपला, कपाशीच्या बियांची पाकिटं, घमेली, आणि दहा रुपयांचा कापडी मास्क, जो प्रत्येक जण घालून बघत होता आणि दुकानदार पुन्हा टांगत होता. आजी सूर्य उगवायच्या आत येऊन बसली होती. कुणी मास्क तोंडावर, कुणी हनुवटीवर. किराणा दुकानातली बादलीही त्या दिवशी गेली. गिऱ्हाईक इतकं होतं की नोटा भिजवत बसायला सवड नव्हती.

पोरगा पावसाळाभर घरी राहिला, मनरेगाच्या तळ्यावर गेला. आमच्याकडे त्या वर्षी रोजंदारी १९० रुपये, बांबूपलीकडे महाराष्ट्रात २३८. काम तेच, माती तीच. घरच्यांनी पेरलं, त्या साली त्यांच्या शेतात कुणी आलं नाही. इतरत्र सगळीकडे शांत होतं असं नाही. ऑगस्टअखेर वनखात्याच्या ताब्यात कार्यकर्त्यांना मारहाण झाल्याचा आरोप करत बुऱ्हाणपूर जिल्ह्यात आदिवासी पुन्हा रस्त्यावर आले, या वेळी तोंडाला गमछे बांधून. त्याआधी जुलैमध्ये नेपानगरच्या आमदार सुमित्रा कास्देकर यांनी राजीनामा देऊन पक्ष बदलला. त्या स्वतः कोरकू. ३ नोव्हेंबरला पोटनिवडणूक झाली आणि त्या पुन्हा निवडून आल्या. प्रचारसभांत माणसं गर्दीची मर्यादा विसरून बसली, आणि आम्ही मास्तर मतदान केंद्राच्या दारात पुन्हा तेच यंत्र कपाळासमोर धरून उभे. साहेबांची तोवर बदली झाली होती. जाताना त्यांनी फोन केला, नव्या साहेबांना अर्जाचं सांगितलंय म्हणाले.

२०२१ च्या एप्रिलमध्ये दुसरी लाट आली. त्या वेळी माणसं आमच्या ओळखीची गेली. आमचे खासदार नंदकुमारसिंह चौहान मार्चमध्येच गेले होते. बाजार बंद झाला, पुन्हा उघडला, दोन्ही वेळा आदेश फोनवर आला. सभा झाली नाही.

त्याच वर्षी २० एप्रिलला मिनियापोलिसच्या न्यायालयात गुडघा ठेवणारा पोलीस डेरेक शॉविन दोषी ठरला आणि २५ जूनला त्याला साडेबावीस वर्षांची शिक्षा झाली. पोरगा तोवर पुन्हा पुण्यात. त्याने बातमी पाठवली, खाली एवढंच लिहिलं, “सर अपना क्या हुआ”. मला आवक क्रमांकापलीकडे काही ठाऊक नव्हतं. मग आम्ही माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. दारिद्र्यरेषेखालच्याला त्याचे दहा रुपयेही लागत नाहीत. तीस दिवसांची मुदत उलटून गेल्यावर उत्तर आलं: अर्ज दुसऱ्या कार्यालयाकडे वर्ग. तिथे विचारलं. तिथलं उत्तर एका ओळीचं. आवेदकाशी दिलेल्या मोबाइल क्रमांकावर संपर्क होऊ शकला नाही, सबब प्रकरण निकाली.

शॉविनच्या शिक्षेची बातमी मला आली होती ती त्याच क्रमांकावरून.

नवा अर्ज बहिणीनेच लिहिला. ती अकरावीला गेली होती. या वेळी तिने संपर्कासाठी तीन क्रमांक टाकले, त्यातला एक माझा, आणि वहीवर ड्यूटीला कोण होतं तेही नावानिशी लिहिलं. सेविकाताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, राहू दे.